उसाची मोळी आणि पाच रुपयांचा पुडा

तुकोबारायांच्या चरित्रातील उसाच्या मोळीची गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा वारकरी विरळा. कोणा भाविकाने महाराजांस उसाची मोळी दिली. ती खांद्यावर घेऊन महाराज घराकडे निघाले. वाटेत मुले भोवती जमली. जो हात पुढे करील त्याच्या हाती ऊस देत देत महाराज घरी पोहोचले, तेव्हा मोळीतला एकच ऊस उरला होता. पुढे जिजाईंनी त्या एका उसाचे काय केले, ते कीर्तनात ऐकताना आपण सारे पोट धरून हसतो आणि ही गोष्ट संतांच्या सहनशीलतेची म्हणून मनात ठेवून देतो. आम्हीही आजवर तसेच करीत आलो. परंतु गेल्या कार्तिकीच्या वाटेवर एक प्रसंग असा घडला की, त्या गोष्टीतला मधला भाग, म्हणजे ती मुले आणि तो ऊस, काही केल्या आमच्या मनातून जाईना. त्याविषयी चार शब्द वाचकांपुढे मांडावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

दुपारच्या विसाव्याला आमची दिंडी एका उसाच्या फडाजवळ थांबली होती. फडाच्या कडेला पाचटाच्या दहा-बारा कोप्या उभ्या होत्या. कारखान्याच्या गव्हाणीत नुकतीच मोळी पडलेली. तोडकरी मंडळी गावाकडून येऊन चार-आठ दिवसच झाले होते. दिंडीतील एका उदार गृहस्थांनी मुलांस वाटण्यासाठी क्रीमच्या बिस्किटांचे खोके आणले होते. पाच-पाच रुपयांचे पुडे, आणि प्रत्येक पुड्यात चिकटवायचे एक रंगीत चित्र. वाटपाचे काम आमच्याकडे आले. कोप्यांजवळ आठ-नऊ वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिला आम्ही पुडा दिला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "बाबा, ह्यात चित्र हाय का? मोबाईलमधी दावत्यात त्ये?" आम्ही म्हटले, "असेल, पोरी." तिने पुडा फोडला, बिस्किटे भावाच्या हाती दिली, चित्र मात्र जपून फ्रॉकच्या खिशात ठेवले.

आम्ही विचारले, "शाळेत जातेस ना?"

"तिसरीला हाय."

"मग आज शाळा?"

"पट्टा पडल्यावर जाईन की."

पट्टा पडणे म्हणजे गळीत हंगाम संपणे. तो संपतो फाल्गुन-चैत्रात. म्हणजे तिसरीचे अर्धे वर्ष त्या पोरीने फडावर भाऊ सांभाळण्यात काढावयाचे. तिचे आईबाप तेव्हा समोरच्या फडात ऊस तोडीत होते. आमचे टाळ वाजू लागले, आम्ही निघालो.

पंढरीहून घरी आलो. नातू पाच वर्षांचा. त्याच्या हातावर देवाचे चुरमुरे-बत्तासे ठेवले, तर त्याने हात झटकला. "हे नको, चित्रवाला पुडा हवा!" म्हणून त्याने जमिनीवर अंग टाकले. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, रोजचंच आहे हे. बिस्किटं खातही नाही पुरी. चित्र काढून घेतो आणि पुडा तसाच टाकतो." आम्ही सुन्न झालो. ज्या साखरेपायी त्या पोरीची शाळा बुडाली, तीच साखर दुसऱ्या पोराच्या हातून उकिरड्यावर चालली होती. आणि दोघांच्याही डोळ्यांत चित्र मात्र एकच!

यात अधर्म कोठे आहे आणि तो कोणाचा, याचा शांतपणे विचार केला पाहिजे. कोणावर राग काढून तो प्रश्न सुटणार नाही.

प्रथम त्या चित्राचा विचार करू. व्यापार करणे हे पाप नव्हे. आपल्या मालाची कीर्ती सांगणे हेही पाप नव्हे. खुद्द तुकोबांच्या घरी वाण्याचे दुकान होते. परंतु सांगणारा आणि ऐकणारा यांच्यांत काही बरोबरी असावी लागते. मोठा माणूस जाहिरात पाहतो तेव्हा "हा आपला माल खपवितो आहे" एवढे तरी त्याला कळते. लहान मुलाला ते कळत नाही. त्याला गोष्ट आणि जाहिरात एकच. त्याच्या आवडत्या चित्रातला वीर जे खातो, ते खाल्ले की आपणही तसे होऊ, असे ते मनापासून मानते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००४ साली हाच निष्कर्ष सांगितला: साधारण आठ वर्षांखालील मुलांस जाहिरातीमागचा हेतू ओळखता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी केलेल्या जाहिरातींवर बंधन असावे. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८० सालापासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिराती करण्यास बंदी घातली. स्वीडनने १९९१ पासून दूरचित्रवाणीवर बारा वर्षांखालील मुलांसाठी तसेच केले. आपल्याकडेही २०२० साली अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने नियम केला की, अति साखर, अति मीठ आणि अति चरबी असलेले पदार्थ शाळेत व शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकू नयेत, त्यांची जाहिरातही करू नये. २०२२ च्या जून महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मुलांच्या कार्यक्रमांत अशा खाण्यापिण्याच्या जाहिराती दाखवू नयेत, असे मार्गदर्शन केले. नियम झाले, हे चांगलेच झाले. पण पन्नास मीटरचा नियम हातातल्या मोबाईलला कसा लागू करावयाचा? तो तर शाळेच्या आत, घराच्या आत, पाळण्यापर्यंत पोहोचला आहे. कोपीतही पोहोचला आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आपल्या संतांनी वासना ही दुःखाचे मूळ म्हणून सांगितली. ती जन्मतःच जिवाला चिकटलेली असते. तिला आवरण्यासाठी नाम, भजन, सत्संग. परंतु जी वासना मुलाच्या ठिकाणी नव्हतीच, ती मुद्दाम, हिशोब करून, पैसे खर्चून उत्पन्न करावयाची, आणि मग त्याच्या रडण्यावर आपला धंदा चालवावयाचा, याला काय म्हणावे? विवेक जागा झालेल्या माणसाला मोह घालणे वेगळे. विवेक जागा होण्यापूर्वीच त्याच्या दारातून आत शिरणे वेगळे. झोपलेल्याच्या उशाखालचे काढून घ्यावे, त्यातलाच हा प्रकार होय, असे आम्हांस वाटते. तुकोबारायांनी मुलांना ऊस दिला, कारण मुलांनी मागितला. येथे आधी मुलाला मागावयास शिकवितात, आणि ते शिकविणे आपल्या घेण्यासाठी असते.

आता त्या साखरेचा विचार करू. हा भाग आपल्याला अधिक जवळचा, म्हणून अधिक अवघड.

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर महाराष्ट्रात कारखान्यांचे जाळे पसरले. शेतकऱ्याच्या घरी पैसा आला, शाळा-कॉलेजे निघाली. हे ऋण कोणी नाकारू नये. परंतु त्या कारखान्यांना ऊस तोडून देणारा माणूस बहुतांशी बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव अशा कोरडवाहू भागांतून येतो. दसरा झाला की काही लाख माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी मिळून 'एक कोयता' गणला जातो. माणसाची मोजदाद त्याच्या हत्याराच्या नावाने व्हावी, यातच सारे आले! पहाटे अंधारात फडात शिरावयाचे. ऊस तोडावयाचा, पाचट काढावयाचे, मोळ्या बांधावयाच्या, त्या डोक्यावर वाहून गाडीत भरावयाच्या. ट्रक रात्री आला तर रात्री भरावयाच्या. एक दिवस आजारपणाने काम बुडाले तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, मग पुढल्या वर्षी पुन्हा तोच मुकादम.

या खाड्याच्या भीतीने बायकांच्या देहाचे काय झाले, ते सांगताना लेखणी अडखळते. पण न सांगणे हा भेकडपणा होईल. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. आपल्या घरातील लेकीसुनांच्या वयाच्या या बाया. पुढे २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाने महाराष्ट्रातील साखरेमागचे हे दुःख, त्यातील बालविवाह आणि मुलांचे कष्ट जगासमोर मांडले. परक्या मुलखातल्या माणसाला जे दिसले, ते आपल्या वारीच्या वाटेवर असून आपल्याला दिसू नये?

थोडा हिशोब करून पाहू. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनामागे सुमारे ३६६ रुपये झाला. एक टन उसापासून शंभर किलोच्या थोडी वर साखर निघते. म्हणजे किलोभर साखरेमागे तोडकऱ्याच्या पदरी पडतात सुमारे साडेतीन रुपये. पाच रुपयांच्या पुड्यात पंधरा ग्रॅम साखर धरली, तर तोडणीचे झाले पाच पैसे. पुड्यात साखरच असते असे नाही. पीठ, तेल, कारखाना, वाहतूक, दुकानदार, सारे मान्य. तरीही मनाला विचारून पाहावे: पाच रुपयांतले पाच पैसे ज्यांना मिळाले ते दोघे नवराबायको आहेत, आणि त्यांची पोर भाऊ सांभाळते आहे म्हणून तेवढे तरी त्यांना मिळवता आले. त्या पोरीच्या श्रमाचे पैसे तर हिशोबात कोठेच नाहीत. कायदा चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवू देत नाही. पण भावाला कडेवर घेणे, पाणी आणणे, वाढे गोळा करणे याला काम म्हणावयाचे कोणी?

येथे काही शंका निघतील. त्या आमच्याही मनात होत्या, म्हणून त्यांस उत्तर देणे आवश्यक.

कोणी म्हणेल, "आपण वारकरी. आपले काम नामस्मरण. या व्यवहारात आपण कशाला पडावे?" भाविकहो, गळ्यात तुळशीची माळ घातली त्या दिवसापासून आपण व्यवहारात पडलोच आहोत. माळकरी झाल्यावर आपण काय खावे, काय खाऊ नये हे पाहू लागलो. पंगतीत बसण्यापूर्वी आचाऱ्याला विचारतो. एकादशीला मीठ कोणते घातले तेही पाहतो. अन्नात काय मिसळले ते इतक्या बारकाईने पाहणाऱ्याने, अन्नात कोणाचे अश्रू मिसळले ते पाहू नये, असे कोणत्या संताने सांगितले आहे? सावता महाराजांनी मळ्यात देव पाहिला, जनाबाईंच्या जात्यापाशी देव आला. आपल्या संप्रदायाने कष्टाच्या जागीच देव ओळखला. मग उसाच्या फडात तो नाही काय?

दुसरा म्हणेल, "आम्ही साखर सोडली तर तोडकऱ्याचीच चूल विझेल." हे खरे आहे. साखर सोडा असे आम्ही म्हणत नाही. देवाच्या प्रसादातही बत्तासा आहे. पण मुलांच्या पोटात जी साखर केवळ चित्राच्या मोहाने जाते, ती कमी झाल्याने कोणाची चूल विझणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा रोजच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, पाचांहून कमी असेल तर अधिक बरे. २०२५ साली केंद्रीय शिक्षण मंडळाने आपल्या शाळांत साखरेचे फलक लावावयास सांगितले, ते याच कारणाने. तोडकऱ्याची चूल पेटती राहावी असे खरोखर वाटत असेल, तर त्याच्या मजुरीविषयी बोलावे. नासाडीचा आधार घेऊन बोलू नये.

तिसरी शंका आपल्या शेतकरी बंधूंची. "तोडकरी काय साधे आहेत? तोडीसाठी आमच्याकडून खुशाली मागतात, वरून जेवण मागतात. ऊस वाळतोय म्हणून आम्ही मुकाट्याने देतो." हेही खोटे नाही. पण ज्याला कराराच्या मजुरीत भागत नाही तो खुशाली मागतो, आणि ज्याचा ऊस वाळतो तो देतो, दोघेही अडलेले. उसाचा रास्त भाव कायद्याने ठरतो, आणि तो मिळाला नाही तर आपण रस्त्यावर उतरतो. तोडणीचा दर वाढावा म्हणून आपल्यापैकी कोण रस्त्यावर उतरला?

आता आमची स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. न सांगितली तर हे सारे लिहिणे दुसऱ्याला शहाणपण शिकविण्यासारखे होईल. आमच्या दोन एकरांत ऊस आहे. आम्ही कारखान्याचे सभासद आहोत. दर दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर घरी आणतो, तिचे लाडू नातवंडांना देतो, देवाला नैवेद्य दाखवितो. गेली कित्येक वर्षे वार्षिक सभेला जातो. भावाविषयी बोललो, वजनकाट्याविषयी बोललो, ऊस वेळेवर तुटत नाही म्हणून तावातावाने बोललो. तोडकऱ्यांच्या कोप्यांजवळ पाणी आहे का, बायांसाठी आडोसा आहे का, पोरांची शाळा कोठे आहे, हा प्रश्न आमच्या तोंडून एकदाही निघाला नाही. तेव्हा त्या पोरीच्या बुडालेल्या शाळेत बिस्किटवाल्याचा वाटा जेवढा, तेवढाच आमचाही आहे. आणि तिच्या हातात मोहाचा पुडा ठेवणारा हात तर आमचाच होता. दान म्हणून दिले, पण दुसऱ्याची जाहिरात फुकट करून आलो!

मग करावे काय? मोठ्या गोष्टी सांगणे सोपे. आम्हांस सुचलेल्या तीन लहान गोष्टी सांगतो.

पहिली दिंडीची. वाटेत मुलांस खाऊ जरूर द्यावा. पण ज्या खाऊत मुलाला गळाला लावण्याची युक्ती आहे तो देऊ नये. शेंगा द्याव्या, केळी द्यावी, पेरू द्यावा. हे ठरविणे दिंडीच्या विणेकऱ्याच्या आणि चालकाच्या हाती आहे, आणि त्याला एक पैसाही जास्त लागत नाही.

दुसरी घराची. मुलाला नुसते "नाही" म्हटले तर ते रडते, आणि आईबाप थकून पुडा आणतात. त्याला जवळ घेऊन सांगावे की, हे चित्र तुला फसविण्यासाठी घातले आहे. आम्ही नातवाला तसे सांगितले. तो म्हणाला, "मग ते वाईट आहेत?" आम्ही म्हटले, "वाईट-चांगले देव जाणे. पण तू फसू नकोस." तो अजूनही हट्ट करतो, पण मधूनच थांबून विचारतो, "आजोबा, हे फसवायला आहे का?" एवढे जरी झाले तरी विवेकाचा अंकुर फुटला म्हणावयाचा. त्यासाठी घरात मोठ्यांनीही मोबाईल बाजूला ठेवावा लागतो, हे ओघाने आलेच.

तिसरी सभासदांची आणि गावाची. भगवानगड उभारणारे भगवानबाबा १९६५ साली वैकुंठवासी झाले. ते वारकरी परंपरेतले, आणि ऊसतोड करणाऱ्या घरांचे दैवतच. पोरांनी शिकावे हा त्यांचा आग्रह सर्वश्रुत आहे. त्यांच्याच नावाने २०२१ साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर केली. तोडकऱ्यांच्या गावी हंगामी वसतिगृहांचीही योजना आहे. आईबाप फडावर गेले तरी मूल गावीच राहून शिकावे, हा त्यामागचा हेतू. अशा वसतिगृहात मुलांना वेळेवर जेवण मिळते का, मुली सुरक्षित आहेत का, हे पाहावयास गावातील भजनी मंडळाने आठवड्यातून एकदा जावे. हरिपाठ तेथेच म्हणावा. आणि जे सभासद असतील त्यांनी येत्या वार्षिक सभेत उभे राहून एकच प्रश्न विचारावा: आपल्या कारखान्याच्या फडांवर शाळेच्या वयाची किती मुले आहेत, आणि त्यांच्या शाळेची व्यवस्था काय? उत्तर मिळो वा न मिळो, प्रश्न तरी इतिवृत्तात नोंदला जाईल. आम्ही तो विचारणार आहोत. मागून हसणारे हसतील. त्याची तयारी ठेवली आहे.

तुकोबारायांच्या खांद्यावरची मोळी रिकामी झाली ती मुलांच्या हातांनी. त्यांनी किंमत विचारली नाही, मुलाचे गाव विचारले नाही. आज मोळी आपल्या खांद्यावर नाहीच. ती दुसऱ्याच्या डोक्यावर आहे, आणि त्याचे मूल फडाच्या कडेला उभे आहे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या पोरीला आम्ही शाळा विचारली, इयत्ता विचारली; पण तिचे नाव विचारले नाही. पुड्यातल्या चित्राचे नाव मात्र नातवामुळे आम्हांस पाठ झाले आहे. येत्या कार्तिकीला त्याच वाटेने जाऊ. ती तेथे नसावी, आपल्या गावी शाळेत असावी, एवढेच विठुरायापाशी मागणे आहे. आणि असलीच, तर आधी तिचे नाव विचारू.

रामकृष्णहरि.